दंडावरचा बिल्ला

ताई बोलायची थांबली की घाबरायचं, हे मला ऐरोलीच्या पुलावर कळलं. त्याआधी तिनं जरा वेळ गप्प बसावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत असे.

ती मला गाडी शिकवायची. ऐरोलीत काचेच्या ऑफिसांच्या आणि टॉवरांच्या मागं जुनं गाव अजून आहे. तिथं देवळाला लागून तिचं घर आणि घराच्या ओट्यावर तिचं ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. सलवार-कुर्ता, पायात कायम बूट-मोजे, केसांत अबोलीचा गजरा आणि गळ्यात भरघोस सोनं. गाडी चालवताना एवढं सोनं कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "बेल्ट लावलाय ना? मग कुठं पलून जातंय?"

मी साताऱ्याकडची. नोकरीसाठी इथं आलेली, आणि रस्ता ओलांडतानासुद्धा दुसऱ्या कुणाच्या तरी आडोशानं ओलांडणारी. पहिल्या दिवशी मी तिला "अहो ताई" म्हटलं तर तिनं हातच वर केला. "अहोजाहो नको. ब्रेक दाबायच्या टायमाला 'अहो ताई, दाबता का' बोलशील, तवर आपन गेलो."

ती स्वतः सगळ्यांना अरे-तुरेच करायची. माझ्याबरोबर बेलापूरचे एक वकील शिकायला यायचे, चांगले केस पिकलेले. त्यांनाही ती सगळ्यांसमोर ओरडायची, "वकील, क्लच पायानं सोडायचा असतो. कायद्यानं नाय!" वकील निमूटपणे पाय उचलायचे.

तिचं लहानपण बापाच्या होडीत गेलं होतं, आणि रस्ताही तिला खाडीसारखाच दिसायचा. आडवी घुसणारी रिक्षा म्हणजे चिंबोरी, तिरकी चालणारी खेकडी. उड्या मारत मधून जाणारे बाइकवाले म्हणजे कोलंबी. बस आणि ट्रक म्हणजे मुशी, दातवाले शार्क. "डावीकडनं चिंबोरी येतेय, थांब. मागं मुशी हाय, तिच्या तोंडात जाऊ नको." असं ती तासभर अखंड बोलायची, आणि मी घामाघूम होऊन स्टिअरिंग धरून बसायची. मध्येच चुकलं की तिच्या बाजूचा ब्रेक लागायचा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर माझा देवावर होता त्याहून जास्त विश्वास होता.

गाडीत बसण्याआधी तिचा एक विधी असायचा. ओट्यावर बसून ती बूट-मोजे काढायची आणि हातातला छोटा आरसा तळव्याखाली धरून दोन्ही पाय निरखून बघायची. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं. मग पुन्हा मोजे, पुन्हा बूट. कुणी तिच्या अंगणात अनवाणी आलं की ती त्याला हाकलून द्यायची. नवीन लोक हसायचे. मीही हसले होते. तेव्हा तिनं आरसा खाली ठेवून सांगितलं, "माज्या आईला शुगर व्हती. खडा टोचला ते तिला कललाच नाय. आदी अंगठा नेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासनं पाय. पाय आदी मेला. आई मागनं."

मग कुणी हसलं नाही.

तिलाही शुगर होती, बऱ्याच वर्षांपासून, आणि ती इन्शुलिन घ्यायची. हे ती लपवत नसे. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती पहिल्याच दिवशी कुर्त्याची बाही वर करून दंडाची मागची बाजू दाखवायची. तिथं नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली असायची. ती तिला बिल्ला म्हणायची. "ह्याच्या आत केसासारखी तार हाय, ती चामडीखाली. शुगर किती, वर चाललेय का खाली, ते सारखं फोनवर दिसतंय. खाली गेली का फोन बोंबलतो. बोंबलला का गाडी बाजूला. मी ग्लुकोज खानार, आपन थांबनार, आकडा वर आला का परत चालू. आकडा दिसत नसल तर गाडी जाग्यावरनं हलनार नाय. पटतंय तर शिक, नाय तर दुसरा क्लास बघ."

मग ती आणखी एक गोष्ट सांगायची, अगदी सावकाश, एकेका शब्दावर थांबून. "मी कधी येड्यासारखी वागायला लागली, तर मना गोड द्यायचं. मी नाय बोलली तरी द्यायचं. पन मी गिलत नसली, तर तोंडात काय वतायचं नाय. ॲम्ब्युलन्स बोलवायची."

बिल्ल्याची गरज का पडली, ते मला हळूहळू कळलं. आईच्या पायाची भीती तिच्या मनात अशी बसली होती, की ती साखर जरासुद्धा वर जाऊ द्यायची नाही. लग्नात जिलबीच्या ताटाकडे पाठ करून बसायची. इन्शुलिनही सढळ हातानं घ्यायची. त्यामुळं साखर सारखी खाली उतरायची. आधी उतरली की हात कापायचे, घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि ती काहीतरी खाऊन घ्यायची. पण इतक्या वेळा उतरली की शरीरानं सांगणंच सोडून दिलं. ना कापरं, ना घाम. एकदा बाजारात मासळी घेताघेता ती खाली कोसळली, आणि पडेपर्यंत तिला काहीच जाणवलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टरांनी बिल्ला लावायला सांगितला.

पहिल्यांदा तो फोन माझ्यासमोर बोंबलला, तेव्हा मी चौकात सिग्नलला उभी होते. असला कर्कश आवाज, की माझा पाय क्लचवरून सटकला आणि गाडी बंद पडली. ताईनं शांतपणे फोन गप्प केला, गाडी कडेला घ्यायला लावली आणि ग्लुकोजची पुडी तोंडात रिकामी केली. तोंड वाकडं करत, जणू कुणी तिला शेण खायला घातलंय. "बघितलंस? काय होत नाय," ती म्हणाली. मी बघितलं होतं. पुडी फोडताना तिची बोटं जराही थरथरली नव्हती. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

पुलाचा धडा तिनं शेवटी ठेवला होता. रविवारची सकाळ होती. मी पोचले तेव्हा ताई वैतागलेली होती. कपाटाच्या दारात अडकून जुना बिल्ला निघाला होता. तिनं माझ्यासमोरच नवा लावला. दंडावर दाबला, टक्क आवाज झाला.

"आता तासभर ह्याला जाग नाय," ती म्हणाली. "मग आकडे देईल."

"मग आपण तासभर बसू या की ताई."

"मंगलवारी तुजी टेस्ट. पूल केल्याबिगर मी कोनाला टेस्टला धाडत नाय. आत्ताच बोटातनं रगत काढून बघितलंय, झ्याक हाय. बस."

तिचा स्वतःचाच नियम होता, आणि तीच बस म्हणत होती. मी बसले. तिनं इन्शुलिन टोचून घेतलंय आणि नाश्त्याची भाकरी फोन आल्यामुळं अर्धी ताटातच राहिलीय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

पुलावर चढताना तिचं चालूच होतं. "उजवीकडं मुशी, जाऊ दे तिला. आरशात बघ. तिसरा टाक. आता चौथा." दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, कडेनं तिवरांची झाडी, आणि मागं-पुढं ट्रक. मी पहिल्यांदाच चौथ्या गिअरमध्ये एवढा वेळ होते. थोड्या वेळानं लक्षात आलं, की गाडीत आवाज नाही. मला वाटलं, मी बरी चालवतेय म्हणून ती काही बोलत नाही. मला आनंदही झाला.

मग ती म्हणाली, "भरती लागली. होडी वलव."

मी हसले. तिचं नेहमीचंच बोलणं वाटलं.

आणि तिचा पाय ब्रेकवर पडला.

बेल्ट गळ्याशी आवळला गेला. गाडी आचका देऊन बंद पडली, तिथंच, पुलाच्या मधोमध. मागं टायर किंचाळले. आरशात फक्त एका ट्रकचं तोंड दिसत होतं, बाकी काहीच नाही. आता धडकेल म्हणून मी डोळे मिटले. धडकला नाही. डोळे उघडून मी गाडी चालू केली, पण ती हलेना. ताईचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"ताई, पाय काढ."

ती समोर बघत होती. पापणीही लवत नव्हती, गजरा सुटून मानेवर लोंबत होता. मला हाका मारायचंही सुचेना. मी खाली वाकून तिच्या बुटाला हात घातला. तो पाय दगडासारखा होता. आणि ती एकदम किंचाळली, "पायाला हात लावू नको! माजा पाय नेऊ नको! नको नेऊ!"

असा आवाज मी मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझे हात आपोआप मागं आले.

खिडकीवर धाडधाड थापा पडल्या. ट्रकवाला उतरून आला होता. "मॅडम, मरना है क्या? बीच पुल पे?" मग त्यानं वाकून ताईकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. "क्या हुआ इनको?"

"शुगर," मी कसंबसं म्हणाले.

"आप इनको देखो. पीछे मैं हूँ." तो गेला. ट्रक आमच्या मागं तिरका लावून, गमछा हलवत तो गाड्या वळवायला लागला. बाकीचे हॉर्न वाजवत, शिव्या देत बाजूनं जात होते.

पुढच्या कप्प्यात ग्लुकोजच्या पुड्या होत्या. पाण्याच्या बाटलीत मी दोन ओतल्या. अर्ध्या मांडीवर सांडल्या. बाटली तिच्या तोंडाशी नेली, तर तिनं चाटून बघितलं आणि हातानं ढकलली.

"गोड? मना शुगर हाय! मारतंस मना?"

"ताई, शुगर उतरलीय तुझी. पी."

"आईला असंच मारला तुमी. सोड मना."

तिनं दरवाजाच्या मुठीला हात घातला. बाहेर गाड्या धावत होत्या. मी एका हातानं तिचा कुर्ता धरला. एकच विचार डोक्यात घुमत होता, अजून ही गिळू शकते. थोड्या वेळानं गिळता येणार नाही, मग मला काहीही करता येणार नाही. मी विनवलं, रडले, शपथा घातल्या. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी घरात घुसलेली चोर आहे.

माझ्या घशाला कोरड पडली होती. मी काही ठरवून केलं नाही. बाटली माझ्याच हातात होती, म्हणून मीच तिच्यातले दोन घोट प्याले.

ताईनं मुठीवरचा हात काढला. "सगला पितंस काय?" ती रागानं म्हणाली. "माजा हाय तो! दे इकडं!"

तिनं बाटली हिसकावून घेतली आणि घटाघटा प्यायली. हनुवटीवरून पाणी सोन्यावर ओघळत होतं. मी हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही. बाटली रिकामी झाल्यावर मी दुसरी केली. मग बिस्किटं दिली. ती पोरासारखी खात राहिली.

हळूहळू तिचे डोळे परत आले. आधी तिनं माझ्याकडे बघितलं, मग समोर, मग आरशात. आरशात ट्रक होता आणि त्याच्यापुढं गमछा हलवणारा माणूस.

"ब्रेक मी दाबला?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," मी म्हणाले.

मग वाकून तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट सीटखाली सारले आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. "पुलावर मागं फिरता येत नाय," ती म्हणाली. "मुलुंडला उतर, तिथनं वलून घरी. मी आता खाली पाय सोडनार नाय. तुज्याबरोबर कोन नाय असं समज आनि चालव."

मी चालवली. मुलुंडपर्यंत आणि परत. ती हात मांडीवर ठेवून, पाय आवळून बसली होती. चिंबोऱ्या आल्या, मुशी आल्या, ती एक शब्द बोलली नाही. मध्येच नव्या बिल्ल्याला जाग आली आणि फोन बोंबलला. मी दचकले. तिनं आकडा बघितला. "खालीच हाय, पन बान वर हाय," ती पुटपुटली, आणि आणखी एक बिस्कीट तोंडात टाकलं.

त्याच दिवशी तिनं सगळ्या विद्यार्थ्यांना ओट्यावर बोलावलं. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. वकील म्हणाले, "एखाद्या वेळी होतं ताई." ती म्हणाली, "मागं ट्रक व्हता, वकील." ती पुन्हा कधी शिकवायला गाडीत बसली नाही. गाडी दुसऱ्या क्लासवाल्याला दिली. ओट्यावरच्या खुर्च्यांवर बसवून ती फक्त खुणा आणि नियम शिकवायची, तेही पूर्वीसारखंच ओरडून.

तिचा मुलगा लांब, करंजाड्याला राहायचा. बिल्ल्याचे आकडे दुसऱ्या माणसाच्या फोनवरही बघता येतात. आधी ते त्याच्या फोनवर होते, पण दर वेळी तो फोन करून ओरडायचा, म्हणून तिनं त्याला काढून टाकलं होतं. पुलानंतर एके दिवशी तिनं माझा फोन मागितला. "तुज्या फोनात घे मना. तू वरडत नायस." नाही म्हणावंसं वाटत होतं. मी हो म्हणाले.

तेव्हापासून ऑफिसात माझं लक्ष कामात राहिलं नाही. मीटिंगमध्ये फोन टेबलावर उलटा ठेवला तरी बोटं त्याच्यावरच. आकडा उतरायला लागला की मी खुर्ची सारून उठायची. मी बाहेर धावायची, फोन लावायची. "खातेय, खातेय," ती पलीकडून म्हणायची. तिच्या आवाजात काही वेगळं आहे का, ते मी ऐकत राहायची. एखादा शब्द जड वाटला की तिला भिंतीवरच्या खुणा ओळीनं म्हणायला लावायची. ती चिडायची, पण म्हणायची.

एकदा दुपारी आकडेच येईनात. सिग्नल नाही, एवढंच. फोन उचलेना. मी जेवण टाकून गावात धावत गेले. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, खाडीकडे गेली. ती धक्क्यावर एकटीच बसलेली होती, पाय लटकवून, खाली चिखल आणि ओहोटीचं पाणी. फोन मुद्दामच घरी ठेवला होता.

"काय करतेस इथं?" मी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले.

"बघतेय, माजं मना कलतंय का," ती म्हणाली. "आत्ता शुगर खाली हाय का वर? मना काय कलत नाय बग. मी बरी हाय का मरायला टेकली, ते मना फोन सांगनार. पोरी, मना ह्याची लई भीती वाटते. आईला निदान पाय कापल्याचं तरी कललं."

मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, की इन्शुलिन कमी करायचं, काही महिने साखर थोडी वरच ठेवायची, एकदाही उतरू द्यायची नाही. मग शरीराला सांगायची सवय परत लागू शकते. लागेलच असं नाही. ताईनं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबून माझा दंड धरला. "वर ठेव बोलतात. म्हनजे पाय घालव बोलतात ना?" डॉक्टरांनी तसं काहीही म्हटलं नव्हतं. थोडी वर, एवढंच. पण तिच्या डोळ्यांसमोर आईचा पाय होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पूल.

तरी तिनं ऐकलं. ते महिने तिनं कसे काढले, मी बघितलंय. आकडा पूर्वीपेक्षा वर दिसला की तिचा चेहरा उतरायचा. आरसा दिवसातून कितीतरी वेळा तळव्याखाली जायचा. "काला पडलाय का गं इथं?" ती मला विचारायची. मी ओट्यावर बसून तिचे पाय हातात घेऊन बघायची. पाय चांगले होते. पुलावर जो पाय तिनं मला धरू दिला नव्हता, तो ती आता आपणहून पुढं करायची.

मग एक दिवस, ऑफिसची सुट्टी होती म्हणून मी घरीच होते, तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. आवाज चिरका होता. "लवकर ये." फोन बंद.

मी पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. माझ्या फोनवर आकडा ठीक होता. जरा उतरता, पण ठीक. आकडा ठीक असून तिचा आवाज असा का, म्हणून मी जास्तच घाबरले. रिक्षात बसल्या बसल्या मी ॲम्ब्युलन्सचा नंबर काढून ठेवला.

ती ओट्यावर, खुर्चीत बसली होती. घामेजलेली. चेहरा पांढरा. उजवा हात तिनं माझ्यासमोर धरला.

"बघ."

हात थरथरत होता. बोटांपासून मनगटापर्यंत, पानासारखा.

"छातीत पन धडधडतंय," ती म्हणाली. "फोन अजून गप हाय. बग, फोन गप हाय! मना आदी कललं!"

"ताई, आधी खा!" मी ओरडले. शेजारच्या खुर्चीवर पुडी पडलेली होती. मी ती फोडून तिच्या तोंडाशी नेली.

"थांब गं. जरा बगू दे."

"बघायचं नाही, खा!"

तिनं डाव्या हातानं माझ्याकडून पुडी घेतली. फोन त्यानंतर बोंबलला. आम्ही दोघींनीही त्याच्याकडे बघितलं नाही. ती ग्लुकोज खात होती, आणि या वेळी तिचं तोंड वाकडं झालं नाही. मी तिचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तो थरथरायचा पूर्ण थांबेपर्यंत तिनं तो काढून घेतला नाही.